नव्वद अंशांचा आळ

अहवालातली ती ओळ मावशीने तीनदा वाचली. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, निदान कानाला तरी काही वेगळं ऐकू येतंय का ते बघायला. ओळ जागची हलली नाही. ‘चुकीचे कारण : काचघरातील तंत्रज्ञ बाईंनी तबकडी उलटी बसवली. निष्काळजीपणा. यापुढे त्यांनी यंत्रास हात लावू नये.’ खाली सहीसाठी जागा सोडली होती आणि तिथे कुणीतरी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. म्हणजे म्हातारीला सही कुठे करायची तेही कळणार नाही, असा त्यांचा समज!

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हात लावू नये म्हणे! मेल्यांनो, ह्या हातांनी बसवलं म्हणून तर ते यंत्र उभं आहे.” काचघरात, म्हणजे वेधशाळेच्या भिंगांच्या खोलीत, ऐकायला कुणी नव्हतं. होती ती कापडाखाली झाकलेली भिंगं, ती बिचारी काय बोलणार.

मावशी मुळात चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. एकतीस वर्षांपूर्वी वेधशाळेला काच धुणारं माणूस हवं होतं, तेव्हा ती टेकडी चढून आली आणि राहिली. काच धुता धुता काच बसवायला शिकली, मग यंत्र उघडायला शिकली, मग बंद करायला. बंद करणं जास्त अवघड, असं ती म्हणायची, कारण उघडायला काय, माकडही उघडतं. आता दोन महिन्यांनी हेच यंत्र पलीकडच्या नव्या मोठ्या दुर्बिणीवर जायचं होतं, आणि ते मावशीनेच बसवायचं असं ठरलेलं होतं. तेवढं करून ती निवृत्त होणार होती. ह्या कागदावर सही केली की ते गेलं. एकतीस वर्षांचं नाव गेलं आणि शेवटचं काम गेलं.

आता ही भानगड काय ते नीट सांगायला हवं, नाहीतर मावशीचा राग कळायचा नाही. आकाशात फार फार लांब काही दिवे आहेत, त्यांना क्वेसार म्हणतात. एखाद्या दीर्घिकेच्या पोटात राक्षसासारखं कृष्णविवर बसलेलं असतं. ते आसपासचा वायू ओढून घेतं, आणि तो वायू आत पडता पडता इतका तापतो की अख्खी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडावी. त्यातल्या काही दिव्यांभोवती धुळीचं जाडजूड कडं असतं. आपण कड्याच्या बाजूने बघत असलो की दिवा दिसतच नाही. पण कड्याच्या वरून-खालून जो उजेड निसटतो, तो तिथल्या धुळीवर आपटून आपल्याकडे वळतो. शेजाऱ्याचा दिवा भिंतीआड असावा, पण त्याचा उजेड समोरच्या झाडावर दिसावा, तसं. आणि असा आपटून आलेला उजेड शिस्तीत येतो. साधा उजेड सगळ्या दिशांनी थरथरतो, हा बराचसा एकाच दिशेने थरथरतो. शहाणी माणसं त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. मावशी त्याला ‘वळण लागलेला उजेड’ म्हणायची. ती थरथर कोणत्या दिशेची हे मोजलं की धुळीआडचा दिवा कुठे दडलाय आणि त्याचा अक्ष, म्हणजे कड्याच्या मधून आरपार जाणारी रेघ, कसा आहे, ते कळतं.

हे मोजणारं यंत्र मावशीच्या ताब्यात होतं. त्यात पुढे बांगडीएवढी एक काचेची तबकडी, ठरावीक अंशांनी फिरणारी. तिच्यामागे एक स्फटिक, जे एका ठिपक्याचे दोन ठिपके करतं, एक उभ्या थरथरीचा आणि एक आडव्या. कॅमेऱ्यात उभ्याचा वर उमटतो, आडव्याचा खाली. तबकडी फिरवत जायचं आणि कुठला ठिपका किती उजळतो ते बघायचं, बस्स. बाकीचं गणित संगणक करतो.

तर वेधशाळेच्या मोठ्या साहेबांनी असे सोळा क्वेसार मोजले. आजवर सगळं जग म्हणत होतं की ही थरथर क्वेसारच्या अक्षाला काटकोनात असते. साहेबांच्या सोळाच्या सोळांची निघाली अक्षाच्या रेषेत. मग काय विचारता! साहेबांचे पाय जमिनीला लागेनात. लेख छापून आला, सभागृहात टाळ्या झाल्या, साहेब जिन्यातून उतरतानासुद्धा भाषण दिल्यासारखे उतरायला लागले. पुढे दुसऱ्या एका वेधशाळेने त्यातलेच चार मोजले. चारही मुकाट काटकोनात. लेख मागे घ्यावा लागला, आणि तो घेताना कुणाचं तरी डोकं पुढे करायला हवं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

चौकशीसाठी बाहेरून एक प्राध्यापक बाई आल्या. त्या दोन दिवस साहेबांशी बोलल्या आणि एक दिवस डॉक्टरीणबाईशी. मावशीशी पाच मिनिटंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणजे ते सगळं गणित करणारी, तिशीतली खगोलशास्त्रज्ञ. तिला हे नाव मावशीनेच ठेवलं होतं, लाडाने. पहिल्या वर्षी ती काचघरात आली तेव्हा भिंगाला बोट लावून उभी राहिली होती, आणि मावशीने तिच्या हातावर फटका मारला होता. तेव्हापासून पोरगी मावशीच्या डब्यातलं खायची, मावशीकडे रडायची, आईला जे सांगायची नाही ते मावशीला सांगायची. आणि आता ह्या मसुद्याच्या शेवटी तिचीही सही होती. गोल, नेटकी. साहेबांची सही बघून मावशीला राग आला, पण पोरीची बघून तिने कागद घडी घालून पिशवीत टाकला.

मावशी घरी आली ती दार आपटूनच. तिचा नवरा पेशाने शिंपी. पुढच्या खोलीत मशीनवर बसला होता, त्याने पाय थांबवला नाही. दार असं आपटलं की दहा मिनिटं बोलायचं नाही, हे त्याला चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं. दहा मिनिटांनी त्याने विचारलं, “काय झालं?”

मावशीने सगळं सांगितलं. सांगता सांगता दोन कपबशा आदळल्या, त्यातली एक फुटली.

“मग तू बसवलीस का उलटी?” त्याने विचारलं.

“अहो, तुम्हीसुद्धा?” मावशी कडाडली. “तबकडीच्या कडेला माझा ठिपका आहे, पेन्सिलीचा! ठिपका नेहमी आकाशाकडे. मी झोपेत बसवली तरी उलटी बसायची नाही!”

“चिडू नकोस. मी शिंप्यासारखं विचारतोय. सोळा सदरे चुकले म्हणतेस. सोळाही सारखेच चुकलेत, की प्रत्येक वेगळा?”

“म्हणजे?”

“म्हणजे कापड उलटं लागलं तर प्रत्येक सदऱ्याची तऱ्हा वेगळी होते. कुणाची नक्षी फार बिघडते, कुणाची कळतही नाही. पण सोळाच्या सोळा नेमके तेवढ्याच मापाने चुकले, तर चूक कापडात नसते. मापाच्या वहीत असते.”

मावशी बसली. मग उठली, त्याच्या टेबलावरचा खडू उचलला आणि काळ्या अस्तराच्या तुकड्यावर रेघा मारायला लागली. तबकडी उलटी बसली की सगळ्या दिशा आरशातल्यासारख्या होतात. डावीकडे कललेली काठी उजवीकडे कलते. थोडी कललेली असेल तर थोडी चूक, जास्त कललेली असेल तर जास्त. आणि सरळ उभी काठी? ती आरशातही उभीच! म्हणजे सोळांना सोळा वेगळ्या चुका यायला हव्या होत्या. इथे तर सगळे नेमके नव्वद अंशांनी फिरलेले. नव्वद अंश म्हणजे उभ्याला आडवं म्हटलं आणि आडव्याला उभं. वरचा ठिपका खालचा झाला, खालचा वरचा.

“कॅमेरा!” मावशी म्हणाली. “अहो, कॅमेरा!”

“माझं अस्तर,” शिंपी म्हणाला, पण तिने ते ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचघर उघडल्या उघडल्या तिने रजिस्टर काढलं. यंत्राला कुणीही हात लावला की त्यात लिहायचं, हा तिथला जुना नियम. हल्ली तो पाळणारी मावशी एकटी, आणि वाचणारं कुणीच नाही. सव्वा वर्षापूर्वीचं पान, साहेबांनी ते सोळा क्वेसार मोजायच्या आधीचं. तिच्याच मोठ्या अक्षरात: ‘कॅमेरा दुरुस्त होऊन आला. नवी केबल आखूड आहे, पोचत नाही, म्हणून कॅमेरा अर्धा फिरवून बसवला. चित्र उलटं येईल. वरचा ठिपका आता खाली. संगणकात बदल करायला हवा. डॉक्टरीणबाईला समोर उभं करून सांगितलं. हो मावशी, करते, म्हणाली.’

मावशीने ते पान वाचलं आणि रजिस्टर मिटून काखेत मारलं. साहेबांवरचा राग तिला पेलत होता. नाकाने कांदे सोलणारा माणूस, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा ती काय! पण ही पोरगी? विसरली असेल, चला, माणूस विसरतो. पण मग सही करताना आठवलं नाही?

ती जिन्यात भेटलीच. मावशीने वाट अडवली. “काय गं, तुला काही आठवतंय का? कॅमेऱ्याबद्दल?”

डॉक्टरीणबाईचा चेहरा पांढराफटक पडला. “मावशी, साहेबांनी सांगितलंय, चौकशी संपेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही.”

“मी ‘कुणी’ झाले होय?”

पोरगी बाजूने निसटायला बघत होती. तिला आठवत होतं. स्वच्छ आठवत होतं, आणि ती तोंडात मूग गिळून बसली होती. मावशीला वाटलं, तिथेच रजिस्टर उघडावं आणि तिच्या नाकासमोर धरावं. तिने ते पिशवीत घातलं, पिशवी खांद्याला लावली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली. प्राध्यापक बाई तिथेच चहा घेत होत्या.

“मी सही करणार नाही,” मावशी म्हणाली. “आज संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत घुमट उघडा. तबकडी सुलटी की उलटी, ते आकाशालाच विचारू.”

“बाई,” साहेब हसले, “क्वेसार सोडून आता उजेडात आकाश मोजायचं?”

“निळं आकाश म्हणजे तरी काय, साहेब? हवेवर आपटून आलेला उजेडच की. त्यालाही वळण लागलेलं असतं. आणि ते कुठल्या दिशेचं, हे सूर्य ठरवतो. त्याला कुणाची सही लागत नाही.”

साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात प्राध्यापक बाईंनी कप खाली ठेवला. “करू या,” त्या म्हणाल्या. “खरं तर हे मीच सांगायला हवं होतं.”

हवंच होतं! पण असो, निदान बोलल्या तरी.

सूर्य त्या दिवसांत नेमका पश्चिमेला मावळत होता. घुमटाची फट उघडली, दुर्बीण सरळ डोक्यावर केली. उजेड जास्त होऊ नये म्हणून मावशीने दुर्बिणीच्या तोंडावर काळा पुठ्ठा बसवला, मधे बारीक भोक पाडलेला. मग तिने पिशवीतून जुना काळा चष्मा काढला, उन्हात गाडी चालवणारे घालतात तसला, एकाच दिशेची थरथर आत सोडणारा, आणि प्राध्यापक बाईंच्या हातात दिला.

“आधी ह्यातून बघा. डोक्यावर बघा आणि चष्मा हळूहळू फिरवा.”

त्यांनी फिरवला. डोक्यावरचं आकाश काळवंडलं, पुन्हा उजळलं. साहेब घड्याळ बघत उभे होते.

“आता सांगा, सूर्य पश्चिमेच्या कडेला असताना डोक्यावरची थरथर कुठल्या दिशेची?”

“उत्तर-दक्षिण,” प्राध्यापक बाई म्हणाल्या.

“म्हणजे आमच्या यंत्राच्या भाषेत शून्य अंश. तबकडी उलटी असेल तर किती यायला हवेत?”

त्यांनी बोटाने हवेत एक उभी रेघ ओढली. “आरशात उभी काठी... उभीच. तरीही शून्यच येतील.”

“आणि तबकडी सुलटी असून दोन ठिपक्यांची अदलाबदल झाली असेल तर?”

आता प्राध्यापक बाई मावशीकडे नीट बघायला लागल्या, पहिल्यांदाच. “नव्वद.”

“लिहून ठेवा. मागून म्हणाल, म्हातारीने हातचलाखी केली.”

त्यांनी लिहिलं. डॉक्टरीणबाई संगणकापाशी बसली होती. तबकडी फिरली, थांबली, फिरली, थांबली. चार वेळा खट्ट झालं. पडद्यावर आकडा आला.

“किती?” प्राध्यापक बाईंनी विचारलं.

“एकोणनव्वद पूर्णांक सात.”

प्राध्यापक बाईंनी तो आकडा आपल्या ‘नव्वद’च्या खाली लिहून घेतला. मावशीला वाटलं होतं, आकडा आला की राग उतरेल. कसला उतरतोय! खरी गंमत तर पुढे होती.

साहेबांनी घसा साफ केला. “ठीक आहे. बाईंचा ह्यात दोष नाही, हे उत्तमच झालं. तर अहवालात थोडा बदल करू. असं लिहू की, ‘कॅमेरा दुरुस्तीनंतर प्रतिमेच्या मांडणीत विसंगती राहून गेली.’ अशा गोष्टी घडतात.”

“काय म्हणालात?” मावशी म्हणाली. “पुन्हा म्हणा.”

“म्हटलं, अशा गोष्टी—”

“घडतात! काल चूक माझ्या हातून झाली होती, तेव्हा तो निष्काळजीपणा होता. आज तुमच्याकडची निघाली तर ती आपोआप राहून गेली? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! विसंगती म्हणे! तिला काय पाय होते, चालत आली ती? आणि खूणतारा कुठे गेला तुमचा? ज्याच्या थरथरीची दिशा अख्ख्या जगाला पाठ आहे, तो तारा आधी मोजायचा, आकडा जुळला तरच पुढे जायचं, हा इथला नियम. एकदा, फक्त एकदा मोजला असतात, तर पाच मिनिटांत हा नव्वदचा घोळ दिसला असता. मी विचारलं तेव्हा काय म्हणालात? ‘तो तारा काय पळून जातोय?’ नाही ना पळाला? अजून तिथेच आहे. पळालात तुम्ही!”

साहेबांचे कान लाल झाले. “बाई, आवाज खाली करा.”

“नाही करणार. एकतीस वर्षं खालीच होता.” तिने तो मसुदा टेबलावर ठेवला. “ह्यातला एक शब्द बदलायचा नाही. ‘निष्काळजीपणा’ तिथेच राहील. फक्त माझ्या जागी ज्याची चूक होती त्याचं नाव घाला.”

“कुणाचं?” प्राध्यापक बाईंनी विचारलं. “कॅमेरा फिरवून बसवला, हे कुणाला सांगितलं होतं तुम्ही?”

मावशीची पिशवी खांद्याला होती. आत रजिस्टर, रजिस्टरात पान, पानावर नाव. उघडलं की खेळ खलास. तिने पिशवीवर हात ठेवला आणि काहीच बोलली नाही. डॉक्टरीणबाई त्या हाताकडे बघत होती. रजिस्टराची लाल पाठ पिशवीतून वर आलेली होती आणि ती तिला चांगली ओळखीची होती.

साहेब म्हणाले, “जाऊ दे, आता कुणाला काय आठवणार?”

“मला आठवतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

ती उठून टेबलापाशी आली. “मावशींनी मला सांगितलं होतं. समोर उभं करून. मी हो म्हटलं आणि केलं नाही. खूणतारा सोडायला साहेबांनी सांगितलं, पण घ्यायचं काम माझं होतं. आणि हे सगळं मला ह्या कागदावर सही करताना आठवत होतं.”

तिने पेन घेतलं. ‘काचघरातील तंत्रज्ञ बाईंनी तबकडी उलटी बसवली’ ह्यावर रेघ मारली आणि त्यावर आपलं नाव लिहिलं, काय केलं नाही ते लिहिलं. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द होता तसाच राहू दिला. प्राध्यापक बाईंनी कागद स्वतःकडे ओढला, तिच्या नावापुढे ‘आणि’ लिहिलं आणि मान वर केली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “तुमचं नाव पूर्ण लिहू, की आद्याक्षरं चालतील?”

मावशी थांबली नाही. पुठ्ठा काढला, दुर्बीण झाकली, घुमट बंद केला आणि पायऱ्या उतरायला लागली. उजेड अजून पुरता गेला नव्हता. मागून पावलं आली.

“मावशी.”

मावशी उतरत राहिली.

“मावशी, रजिस्टर तुमच्या पिशवीत होतं. तुम्ही उघडलं का नाहीत?”

मावशी पायरीवर थांबली आणि वळली. तिचे डोळे अजून तसेच पेटलेले होते. “मी उघडलं असतं तर तू चोर ठरली असतीस. तुझी तू बोललीस म्हणून नुसती मूर्ख ठरलीस. मूर्ख माणूस शिकतो. चोराला मी काचघरात घेत नाही.”

पोरगी रडायला लागली. एरवी मावशीने पदर पुढे केला असता. आज केला नाही.

“मावशी, तुमचा राग कधी जाईल?”

“मला नाही माहीत,” मावशी म्हणाली. “जाईल की नाही, तेही नाही माहीत. तू माझ्या डब्यातलं खात होतीस आणि मला फासावर द्यायला सही केलीस. ते काही संगणकात बदल केल्याने सुलटं व्हायचं नाही.” तिने पिशवीतून रजिस्टर काढलं आणि तिच्या हातात कोंबलं. “हे वाच. पहिल्या पानापासून, एकतीस वर्षांचं. आणि सोमवारी नऊला काचघरात ये. यंत्र नव्या दुर्बिणीवर न्यायचंय, मला दुसरे हात लागतील. यायच्या आधी ते हात धू.”